दांडी

चाकं काढली, हँडल काढलं,
छर्रे श्रीखंडाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवले
आणि गच्चीवर, कपड्यांच्या तारेला,
नुसता सांगाडा टांगला उलटा,
सोललेल्या बकऱ्यासारखा.
असं मनात आलं आणि गिळलं.
आपण जैन. आईच्या कानावर नको.

गणपती पेठेतला हार्डवेअरवाला म्हणाला होता,
रंग कुणीही मारतंय साहेब, घासायला माणूस लागतो.
ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस,
मग पाण्यातला चारशे.
बँकेत बत्तीस वर्षं सह्या केलेला हात
पहिल्या तासातच सालटून निघाला.

वरचा हिरवा माझाच, कॉलेजातला,
ब्रशचे केस अजून त्यात अडकलेले.
सीटच्या नळीतून एकोणीसच्या पुराचा गाळ पडला,
खडूच्या तुकड्यासारखा.
हिरव्याखाली बाबांचा काळा.
काळ्याखाली
निळा.

दौतीच्या बुडाशी उरतो तसा निळा.
खालच्या नळीवर निळा, मागच्या चिमट्यावर निळा,
वरच्या आडव्या दांडीवर मात्र
काळ्याखाली थेट लोखंड.

पुन्हा घासून पाहिलं.
दांडीच्या दोन्ही टोकांना पितळी झाळीचा घट्टा,
कानशीनं अर्धवट सारखा केलेला.
आणि तिच्याखालची ती उतरती नळी,
जी मी आयुष्यभर मजबुतीची समजत आलो!

लेडीज सायकल.
बाबांची सायकल लेडीज सायकल होती.

आई जिना चढून आली गुडघ्यांशी भांडत,
पापड उलटायला.
तारेकडं बघून म्हणाली, "निळा निघाला होय."
दूध उतू गेलं होय, म्हणावं तसं.

"माझी हाय ती.
मिरजेला मिशनच्या लॅबात शिकायला जायचे.
विश्रामबागेचं फाटक पडलं की ट्रकवाले माझ्याकडं बघायचे,
मी सिग्नलकडं."
मग?
"मग लग्न."
एक पापड उलटला.
"ह्यांना माधवनगरच्या गिरणीत जायला पाहिजे होती.
पहिल्या पाळीला लेडीज घेऊन कसं जाणार?
नदाफ मिस्त्रीकडनं दांडी मारून घेतली.
सात रुपये."
साल आठवत नव्हतं तिला.
सात रुपये आठवत होते.

मी खालून हॅकसॉ आणली.
कापतो म्हणालो, घट्ट्यापासून दोन्हीकडनं.
आवाजात उगाच न्यायाधीश शिरला होता.
"कशाला? मला आता कुठं टांग टाकायचीय?
टॉवेल गुंडाळून ह्याच दांडीवर बसवायचे ते तुला.
उतरायला नको म्हणून रडायचास."
मी हॅकसॉ पाण्याच्या टाकीवर ठेवली.
अजून तिथंच आहे.

रेड ऑक्साइडचा एक हात. एक रात्र.
सकाळी शेडकार्ड धरलं पुढं.
आईनं सगळे निळे बोटानं मोजले.
"ह्यातला न्हाई."
मग निळ्यात काळ्याचे थेंब,
चार, पाच, "अजून एक", "आता थांब."
फुटक्या तावदानाचे दोन तुकडे मागवले.
एकावर थेंब ठेवला,
दुसऱ्याची कड तिरकी टेकवली,
थेंब कडेनं पसरू दिला,
आणि एका दमात पुढं ओढलं.

पातळ, सलग, शेवटाला जिभेसारखं निमुळतं.
हात कापतो तिचा, चहा बशीत सांडतो रोज.
तेव्हा कापला नाही.
काच उजेडात धरली.
मार्केट यार्डाकडून हळदीचा वास येत होता,
खाली कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.
"हां. हाच."

आणि दांडी?
"ती काळी."

डब्यावर लिहिलंय चोवीस तास हात लावू नये.
संध्याकाळी एक चिलट निळ्यावर बसलं,
बसलं ते बसलंच.
मी चिमटीत धरायला वाकलो.
"राहू दे," आई म्हणाली,
"ओढलंस तर पाय रंगातच राहतील."